घर आपलं, जमीन दुसऱ्याची

गेल्या अंकात एका उत्तरात मी ओझरतं लिहून गेले होते की नवी मुंबईतली बहुतेक घरं सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी आहेत. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी कितीतरी एकाच वाक्याने सुरू होतात: "आम्ही तर मालकी हक्काचं घर समजून घेतलं होतं." म्हणून हा संपूर्ण अंक भाडेपट्ट्याला दिला आहे. पत्रं आटोपशीर करून आणि नावं काढून छापत आहोत.

पत्रांकडे वळण्याआधी एवढं लक्षात घ्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या आहे. ठराविक मुदतीसाठी, मोबदला घेऊन, मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क देणं म्हणजे भाडेपट्टा, म्हणजेच लीज. जमीन देणाऱ्याचीच राहते. अशा जमिनीवरचं घर घेताना तुम्ही उरलेली वर्षं विकत घेता, आणि त्या वर्षांना जोडलेल्या अटीही. त्या अटी मूळ भाडेपट्ट्यात लिहिलेल्या असतात. मला तळमळीने हे सांगावंसं वाटतं, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच लोकांनी तो कागद आधी वाचलेला असतो. फ्लॅटचा करारनामा सगळे वाचतात. तो ज्या कागदावर टेकून उभा आहे, तो कुणी मागतही नाही.

नेरुळहून एक जोडपं लिहितं: आम्ही दोघं नोकरी करतो. सिडकोने बांधलेल्या वसाहतीतलं एक घर रिसेलमध्ये पाहिलं आहे. किंमत पटली. एजंट म्हणतो, "साठ वर्षांचं लीज आहे, तुमच्या हयातीत काळजी नाही." दोन लाख टोकन मागतो आहे. बँकेने मात्र लीज कोणत्या सालापासूनचं आहे ते विचारलं आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही. काय काय बघायचं?

बँकेने अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलं आहे. साठ वर्षं तुम्ही घर घेता त्या दिवसापासून मोजत नाहीत. मूळ करारात "अमुक तारखेपासून साठ वर्षे" असं लिहिलेलं असतं, आणि ती तारीख नोंदणीच्या तारखेच्या आधीचीही असू शकते. समजा ती १९८६ ची असेल, तर मुदत २०४६ ला संपते. तुम्ही आज वीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर कर्जाचा शेवटचा हप्ता आणि लीजचा शेवटचा दिवस जवळजवळ बरोबर येतील. बँकेकडे तारण राहतं ते उरलेल्या वर्षांचं, त्यामुळे कर्ज फिटल्यावरही काही वर्षं शिल्लक राहतात का, हे ती पाहणारच. दहा वर्षांनी तुम्ही घर विकायला काढाल तेव्हा तुमचा गिऱ्हाईकही हाच हिशोब मांडेल आणि तेव्हा शिल्लक आणखी कमी असेल. म्हणून घराची किंमत ठरवताना शेजारच्या इमारतीत काय भाव चालला आहे याच्या जोडीला किती वर्षं हातात येत आहेत हेही धरा.

त्यानंतर मुदतवाढीचं कलम शोधा. "मुदत वाढवून देण्यात येईल" असं असेल तर ती देणाऱ्यावरची जबाबदारी झाली. "मुदत वाढवून देता येईल" असं असेल तर ती त्याची मर्जी. मराठीत एवढासा फरक, पण त्यावर अख्ख्या इमारतीचं भवितव्य लटकलेलं मी पाहिलं आहे. काही करारांत मुदतवाढीचा उल्लेखच नसतो. मुदत संपली की आपोआप नवीन मुदत मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही, तो करारातूनच यावा लागतो. सिडकोसारखी संस्था लोकांच्या वस्त्या उठवील असं मला वाटत नाही. मुदतवाढीचे पैसे किती आणि ते कोण भरणार, ही खरी काळजी आहे. ती घर घेतानाच करायची.

तुमचं घर सिडकोने बांधलेलं आहे, म्हणजे विक्रीला सिडकोची परवानगी लागणार आणि हस्तांतरण शुल्क भरावं लागणार. घराच्या क्षेत्रफळानुसार ते ठरतं आणि त्याचे दर बदलत असतात. ते कोण भरणार, विकणारा की तुम्ही, हे साठेखतात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं शेवटच्या आठवड्यात हमखास विसरलं जातं. मूळ वाटपपत्रापासून आजच्या मालकापर्यंतची साखळीही तपासा. घर तीन हातांतून गेलं असेल तर हस्तांतरणाचे तीन आदेश हवेत. मधला एक गहाळ असेल, तर त्या वेळी न भरलेले पैसे आज तुमच्याकडून मागितले जातील.

आणि कृपया घर डोळ्यांनी तपासा. या वसाहतींमध्ये तळमजल्याला पुढे-मागे खोल्या वाढवलेल्या असतात, बाल्कनी आत घेतलेली असते. करारात परवानगी दिलेली नसेल तर असं पक्कं बांधकाम देणाऱ्याच्या संमतीशिवाय करू नये, असं १८८२ च्या कायद्यातलं कलम १०८ही सांगतं. एजंट त्या खोलीची किंमत तुमच्याकडून घेईल. ती पाडायची नोटीस मात्र तुमच्या नावाने येईल.

टोकन द्यायचंच असेल तर रक्कम कमी करा आणि पावतीवर हे वाक्य लिहून घ्या: "मूळ भाडेपट्ट्याची प्रत, सर्व हस्तांतरण आदेश आणि सिडकोची ना-हरकत न मिळाल्यास टोकनची संपूर्ण रक्कम परत केली जाईल." एजंट याला तयार नसेल तर तिथेच थांबा. "लवकरच सगळं फ्रीहोल्ड होणार आहे", म्हणजे जमीनही पूर्ण मालकीची होणार आहे, असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. तुमच्या प्लॉटच्या नावाने निघालेला आदेश आणि पैसे भरल्याची पावती हातात पडेपर्यंत त्या वाक्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

खारघरहून एक वाचक: जमीन भाडेपट्ट्याची असेल तर फ्लॅटच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क कमी लागतं का?

नाही. फ्लॅटच्या विक्रीचा करार हा विक्रीचाच करार असतो. त्यावर करारातली किंमत किंवा रेडी रेकनरचं (सरकारी दर तक्त्यातलं) मूल्य, यांपैकी जे जास्त असेल त्यावर नेहमीच्या दराने मुद्रांक शुल्क लागतं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुदतीनुसार कमी-जास्त होणारं शुल्क भाडेपट्ट्याच्या दस्ताला असतं, आणि तिथेही २९ वर्षांपेक्षा मोठ्या मुदतीला बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर आकारणी होते. पैसे वाचवण्यासाठी कुणी दस्ताचं नाव बदलायला सुचवत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

कोपरखैरणेहून, वय ६४: २००३ साली मी एका गृहस्थांकडून सिडकोचं छोटं घर कुलमुखत्यारपत्रावर घेतलं. त्यांनीही ते मूळ वाटपधारकाकडून तसंच घेतलेलं. पैसे पूर्ण दिले, नोटरी केली. वीजबिल माझ्या नावावर आहे, मालमत्ता कर मीच भरतो. आता घर मुलीच्या नावावर करायचं आहे, तर कार्यालयात सांगतात की घर अजून मूळ वाटपधारकाच्या नावावर आहे. ते वारले आहेत. वीस वर्षांहून अधिक काळ राहिलेलं घर माझं नाही का?

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. त्या काळात हजारो कष्टकरी माणसांनी अशीच घरं घेतली. शुल्क वाचायचं, परवानगीच्या चकरा वाचायच्या, आणि "सगळे असंच करतात" हा दिलासा होताच. तुम्ही कुणाला फसवलेलं नाही. तरीही खरं ते सांगायला हवं. कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, आणि भाडेपट्ट्याचा हक्कही मिळत नाही. दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा अधिकार तेवढा त्यातून मिळतो. सुरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे अगदी स्पष्ट केलं: विक्रीचा करार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद करून केलेली विक्री ही विक्री नव्हे. त्याच निकालात न्यायालयाने असे जुने व्यवहार रीतसर नोंदणी करून नियमित करून घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे. तुम्हाला ती धरायची आहे.

मूळ धारक वारल्यामुळे अडचण वाढली, कारण साधं कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. मोबदला घेऊन आणि घेणाऱ्याचे हितसंबंध जोडून केलेलं असेल तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०२ चा आधार घेता येतो. तुमच्या कागदात पैसे मिळाल्याची पोच, ताबा दिल्याचा उल्लेख आणि "रद्द करता येणार नाही" असं आहे का, ते पाहा. असलं तरी केवळ त्या बळावर लढायला जाऊ नका, असं माझं मत आहे.

मूळ वाटपधारकाचे वारस शोधा. बायको, मुलगे, लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळे. लेकींना वगळून केलेला दस्त पुढे त्रास देतोच. त्यांच्याशी आदराने बोला. त्यांच्या वडिलांनी पैसे घेतले होते हे त्यांना बहुधा माहीत असतं, पण आज घराची किंमत पाहून कुणाचाही जीव खालीवर होतो. थोडी रक्कम द्यावी लागली तर ती देऊन नोंदणीकृत दस्त करून घेणं हे कोर्टात दहा वर्षं काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. आधी वारसांची नावं सिडकोकडे लागतील, मग वारसांकडून तुमच्या नावे हस्तांतरणाची परवानगी, शुल्क, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. मधल्या गृहस्थांना मान्यता देणारे म्हणून दस्तात सामील करा. वारस अडून बसले तर दिवाणी दाव्याची वाट आहे. तेव्हा तुमचा ताबा, कराच्या पावत्या, वीजबिलं आणि २००३ चे पैसे दिल्याचे पुरावे कामी येतील. सगळे मूळ कागद आजच एका फाइलमध्ये लावा, त्यांच्या दोन-दोन प्रती काढा आणि एक प्रत मुलीकडे ठेवा.

तुमच्या हयातीत हे झालं तर बरं. नाहीतर मुलीला तुमचे वारस आणि मूळ वाटपधारकाचे वारस अशा दोन्ही घरांचा गुंता सोडवावा लागेल.

उलव्यात बुकिंग केलेला वाचक: बिल्डर म्हणतो प्लॉट साडेबारा टक्क्यांचा आहे, म्हणजे गावकऱ्यांची स्वतःची जमीन, लीजचा प्रश्नच नाही. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेत विकसित भूखंड मिळाले. पण ते भूखंडही सिडकोने भाडेपट्ट्यानेच दिले. शेतकऱ्याने तो बिल्डरला दिला असेल तर सिडको, मूळ धारक आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करारनामा झालेला असायला हवा. त्याची प्रत मागा. नुसतं विकासकरार आणि कुलमुखत्यारपत्र दाखवत असतील तर सावध व्हा.

अशा भूखंडांत मी पाहिलेले बहुतेक वाद वारसांचे होते. भूसंपादनाच्या निवाड्यात ज्यांची नावं होती, त्यांच्यातल्या बहिणींची नावं भूखंड घेताना गळलेली असतात, आणि इमारत वर आली की दावा येतो. निवाडा, वारस दाखला आणि वाटपपत्र या तिन्हींतली नावं एकाखाली एक लिहून जुळवा. वकिलाच्या सर्च रिपोर्टवर विसंबून हे सोडू नका.

शिवाय करारात बांधकाम पूर्ण करण्याची मुदत असते. ती उलटली तर बिल्डरला अतिरिक्त लीज प्रीमियम भरून मुदत वाढवून घ्यावी लागते. तो थकलेला असेल तर पुढचे दाखले अडतात, भोगवटा प्रमाणपत्र रखडतं आणि भाड्याच्या घरात राहून हप्ते तुम्ही फेडत बसता. मुदतवाढीचं शेवटचं पत्र आणि भरणा पावती मागा. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाखाली जोडलेला टायटल रिपोर्टही उघडून वाचा. १ मे २०१७ पासून ही सोय आहे, तरी फ्लॅट घेणारे तिचा वापर फार कमी करतात.

सोसायटी झाल्यावर भाडेपट्ट्याचे हक्क सोसायटीच्या नावे करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते हक्क सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येतं.

पुण्याहून निवृत्त वाचक: आमच्या सोसायटीची जमीन शासनाने सरकारी नोकरांच्या घरांसाठी दिलेली आहे. २०११ साली एका मूळ सभासदाकडून मी फ्लॅट घेतला. खरेदीखत नोंदवलं, शेअर सर्टिफिकेटवर नाव लागलं. आता जिल्हाधिकारी कार्यालयाची शर्तभंगाची नोटीस आली आहे. नोंदणी झालेली असताना शर्तभंग कसा?

नोंदणीने व्यवहार झाला हे सिद्ध होतं. तो करण्याची परवानगी होती, हे सिद्ध होत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतात म्हणजे सगळं कायदेशीर आहे, असा समज खोलवर रुजला आहे आणि त्यापायी शहाणीसुरती माणसं अडकतात. शासनाने दिलेल्या अशा जमिनी भोगवटादार वर्ग-२ किंवा शासकीय भाडेपट्ट्याच्या असतात, आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीबरोबर अनर्जित उत्पन्नातला, म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला, शासनाचा वाटा भरावा लागतो. तुमच्या सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर सत्ताप्रकार आणि इतर हक्क या रकान्यांत हे लिहिलेलं असणार. २०११ साली तो उतारा कुणी पाहिला नाही. सोसायटीच्या कमिटीने तुम्हाला सांगायला हवं होतं, हे मी स्पष्टपणे म्हणेन.

नोटीस आल्याने घर गेलं असं समजू नका. तिला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, आणि त्यात व्यवहार नियमित करून घेण्याची तयारी दाखवा. गप्प बसणं सर्वांत महाग पडतं. रक्कम कशी काढली याचा हिशोब लेखी मागा आणि कोणत्या वर्षाचं बाजारमूल्य धरलं आहे ते तपासा.

शासनाने ८ मार्च २०१९ रोजी नियम काढून वर्ग-२ च्या आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी ठराविक रक्कम भरून वर्ग-१, म्हणजे असं बंधन नसलेल्या, करण्याची वाट उघडली आहे. रक्कम वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावर ठरते आणि सवलतीचे दर वेळोवेळी बदलले आहेत, तेव्हा आजचा दर जिल्हाधिकारी कार्यालयातूनच घ्या. इथे एकट्याने धावून उपयोग नाही, अर्ज सोसायटीनेच करायचा असतो. सभासदांना बोलवा आणि ठराव करा. तुमच्यासारखे आणखी किती जण परवानगीशिवाय आले आहेत त्यांची यादी काढा. आधीचे शर्तभंग नियमित झाल्याशिवाय रूपांतराची फाइल पुढे सरकत नाही, त्यामुळे एकाचं दुखणं सगळ्यांचं आहे.

ठाण्याहून एक भगिनी: वडिलांचं घर भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे. नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव होतं. तो म्हणतो, लीजचं घर वारशाने जात नाही, नॉमिनीलाच मिळतं.

दोन्ही गोष्टी चूक. मुदतीचा भाडेपट्टा हा वारशाने मिळणारा हक्क आहे, आणि नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळ करणारा. २०१९ साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात आलेल्या कलम १५४ ब-१३ नुसार नॉमिनी सोसायटीत तात्पुरता सभासद होतो. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ यांचे वाटे सारखे. वारसा ठरेपर्यंत घराची विक्री होऊ नये असं सोसायटीला आणि जमीन देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा. भावाला दुखवायचं नाही असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. हे पत्र दिल्याने तो दुखावेल, पण विक्री झाल्यानंतर जे होईल त्यापेक्षा हे दुःख लहान आहे.

मुंबईतल्या एका सोसायटीचे सचिव: आमची इमारत एका खाजगी ट्रस्टच्या जमिनीवर आहे. लीज तीन वर्षांपूर्वी संपलं. ट्रस्टने काही विचारलं नाही, आम्ही भुईभाडं भरतो, ते पावती देतात. पुनर्विकासासाठी बिल्डर बोलावले तर प्रत्येक जण लीज विचारून परत जातो. ट्रस्ट भाडं घेतोय म्हणजे लीज चालूच आहे ना?

या प्रश्नाचं उत्तर मी घरातच शिकले. माझे वडीलही सोसायटीचे सचिव होते. आमचा भाडेपट्टा लोखंडी पेटीत, शेअर रजिस्टरच्या खाली, लाल कापडात बांधलेला असायचा. मी वकिलीची सनद घेतल्यावर पहिल्यांदा तो सोडून वाचला. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी लेखी मागणी केली तर आणखी तीस वर्षं मिळतील, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मुदत संपून चौदा महिने झाले होते. वडिलांना ते सांगितलं ती संध्याकाळ मला अजून आठवते. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. पुढची अकरा वर्षं जमीनमालकाशी वाटाघाटीत गेली, आणि जे एका पत्राने मिळालं असतं त्यासाठी प्रत्येक घराला पैसे मोजावे लागले.

मुदतवाढीचा पर्याय करारात दिलेल्या मुदतीत आणि दिलेल्या पद्धतीनेच वापरावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच ठरवलेलं आहे. उशिराची मागणी ही विनंती ठरते, हक्क ठरत नाही.

तुमची आजची स्थिती १८८२ च्या त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ मध्ये सापडेल. मुदत संपल्यावरही देणाऱ्याने भाडं स्वीकारलं, तर उलट काही करार नसल्यास राहण्याच्या घरांच्या बाबतीत महिन्यागणिक चालणारी भाडेदारी सुरू होते. जुनं लांब मुदतीचं लीज त्यातून जिवंत होत नाही. आणि महिन्याची भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. लगेच कुणी घराबाहेर काढेल असं नाही, त्यासाठी ट्रस्टला कोर्टातच जावं लागेल. पण पंधरा दिवसांवर उभ्या असलेल्या इमारतीत पैसे घालायला बिल्डर आणि बँका तयार होत नाहीत. ते परत जातात ते यामुळेच.

भुईभाडं एक दिवसही थकवू नका. थकबाकीवरून पट्टा गमावण्याची वेळ आलेल्यांना कलम ११४ खाली बाकी, व्याज आणि खर्च भरून कोर्टाकडून सुटका मागता येते, पण ती सोय मुदत चालू असलेल्या भाडेपट्ट्यासाठी आहे. तुमची मुदत संपलेली असल्याने तुम्हाला तिचा आधार धरता येणार नाही. पावतीवर ट्रस्ट "हक्क अबाधित ठेवून" किंवा "नुकसानभरपाईपोटी" असं काही लिहितो का ते पाहा, कारण तसं लिहिलं असेल तर भाडं स्वीकारलं हा तुमचा मुद्दा ढिला पडतो.

मग सर्वसाधारण सभा बोलवून ट्रस्टशी नव्या लीजची बोलणी करण्याचा ठराव करा. पुनर्विकासाचा ठराव त्यानंतरचा. ट्रस्टला जमिनीच्या वाढीव बांधकाम क्षमतेतला वाटा हवा असणार, आणि तो मागणं गैर नाही. काही सभासद म्हणतील, "इमारत आमची, त्यांना कशाला द्यायचं?" त्यांना भाडेपट्टा वाचून दाखवा. बऱ्याच जुन्या पट्ट्यांत मुदतीअखेर इमारतीसह जमीन परत करण्याची अट असते. तुमच्याकडे काय लिहिलं आहे ते माहीत असल्याशिवाय वाटाघाटीला बसू नका. ट्रस्ट सार्वजनिक असेल तर दीर्घ मुदतीच्या लीजला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. त्यासाठी वेळ धरून ठेवा, आणि ती मिळेपर्यंत कोणत्याही बिल्डरकडून रक्कम स्वीकारू नका.

ट्रस्टला पाठवायच्या पहिल्या पत्राचा मसुदा तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती भाडेपट्ट्याच्या फाइललाच लावा.